लक्ष्मीबाई टिळक आणि त्यांचा निर्मळ विनोद

विनोद हा मनुष्यस्वभावाचा आरसा होय. कोणी दुसऱ्यास खालीं पाहावयास लावून हंसतो. कोणी चारचौघांची मर्जी राखण्यासाठीं स्वतःस तुच्छ लेखून हंसवितो. कोणी मंडळींत आपुलकी वाढवितो. तर कोणी संकटांतही गंमत पाहून मनाचा तोल सांभाळतो. कॅनडांतील मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन व त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं हे चार प्रकार वेगळे करून दाखविले. पहिले दोन मनःस्वास्थ्यास बहुधा मारक व शेवटले दोन पोषक, असा त्या अभ्यासाचा इत्यर्थ आहे. या पोषक विनोदाचें उदाहरण मराठी वाचकांस दूर शोधावयास नको. तें कै. लक्ष्मीबाई टिळक यांच्या चरित्रांत आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळील जलालपूर येथें गोखले यांच्या घराण्यांत झाला. १८५७ च्या बंडांत त्यांच्या मातामहांस फांशी झाली होती. त्या धक्क्यानें वडिलांचें मन सोंवळ्याओंवळ्याच्या भ्रमानें ग्रासलें. बाजारांतून आलेला जिन्नस धुतल्यावांचून घरांत येत नसे, आणि मुलांस त्यांचा मोठा धाक असे. उतारवयांत ही हकीकत लिहितांना लक्ष्मीबाईंनीं वाचकांस पोट धरून हंसविलें. परंतु त्या वेडाचें मूळही त्यांनीं सांगितलें. म्हणून हंसतां हंसतां वाचकास त्या पित्याची कींव येते.

१८८० सालीं, बालवयांतच, त्यांचा विवाह कवि नारायण वामन टिळक यांच्याशीं झाला. टिळक उदार, बुद्धिमान, पण शीघ्रकोपी व फिरस्ते. त्यांनींच पत्नीस लिहावयावाचावयास शिकविलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसांत मोडला. लहानग्या मुलास घेऊन त्यांनीं कित्येक वर्षें आप्तांच्या आश्रयानें काढलीं. पुढें त्या पतीकडे राहावयास गेल्या, तरी आपलें सोंवळें त्यांनीं सोडलें नाहीं. जातिभेद मनुष्यकृत आहे, हें स्वतःच्या विचारानें पटल्यावरच १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्या विनोदाचें मर्म येथेंच आहे. आपलें अज्ञान, आपली भीति, आपल्या सोंवळ्याची ओढाताण यांवर त्या मनमोकळेपणें हंसल्या. परंतु आपली विवेकबुद्धि त्यांनीं पतीच्याही स्वाधीन केली नाहीं. स्वतःस हंसणें आणि स्वतःस कमी लेखणें यांत केवढें अंतर आहे, हें त्यांनीं जगून दाखविलें.

अहमदनगर येथील त्यांच्या घरांत परक्यांच्या मुलांसही आश्रय मिळे. तेथेंच पुत्राप्रमाणें वाढलेले बालकवि ठोमरे १९१८ सालीं आगगाडीखालीं सांपडून निवर्तले. पुढच्याच वर्षीं टिळकही गेले. टिळकांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ हें काव्य लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें. १९३४ पासून त्यांचें ‘स्मृतिचित्रें’ हें आत्मचरित्र भागाभागांनीं प्रसिद्ध होऊं लागलें. त्यांत टिळकांचा संताप झांकलेला नाहीं. परंतु द्वेषाचा एक थेंबही नाहीं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या प्रभुचरणीं विलीन झाल्या.

घर सुटण्याचें दुःख आमच्या न्हावा-शेव्याच्या परिसरास अपरिचित नाहीं. १९८९ सालीं सुरू झालेल्या बंदरासाठीं शेवा या गांवास आपली जुनी जागा सोडावी लागली. असलें दुःख हंसण्यावारी न्यावें, असें हें चरित्र सांगत नाहीं. दुःख खरें मानूनही त्यास मनाचें धनीपण देऊं नये, एवढेंच तें सांगतें. विद्यार्थिमित्रहो, सोबत्याच्या बोलण्याची वा गरिबीची नक्कल करून वर्गांत हंशा पिकविणें सोपें आहे. परंतु ज्या हंसण्यानें कोणाची मान खालीं जात नाहीं, आणि आपलीही जात नाहीं, तेंच हंसणें आपण लक्ष्मीबाईंपासून शिकावें.