पत्ते पिसण्याचे गणित आणि दामोदर कोसंबी

मुंबईच्या उपनगरांत पत्त्यांचा डाव मांडायला निमित्त फारसे लागत नाही. श्रावणात सातम-आठम आली की घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांतून रात्री जागवल्या जातात. दिवाळीत अंधेरी-बोरिवलीच्या सोसायट्यांतून तीन पत्तीचे कोंडाळे जमते. आणि लोकलमध्ये चौघांच्या मांडीवर एक ब्रीफकेस आडवी पडली की रमीला बारमाही मुहूर्त असतो. अलीकडच्या पिढीने यात पोकरची भर घातली. या सगळ्या मंडळींत एक प्रश्न कायम चर्चेत असतो. नवशिक्याचा मुरलेला खेळाडू होतो तो नेमका कशाने? कुणी नशीब म्हणतो, कुणी हातगुण, कुणी समोरच्याचा चेहरा वाचण्याची कला.

या प्रश्नाचे उत्तर मला पत्त्यांच्या पुस्तकात सापडले नाही. ते सापडले एका माणसाच्या चरित्रात. तो माणूस जुगारी नव्हता. इतिहासकार म्हणून महाराष्ट्र त्याला ओळखतो, पण मुळात तो गणिती होता. मुंबईत नोकरी करत असताना वर्षानुवर्षे तो पुण्याहून डेक्कन क्वीनने येजा करी. आमच्या मुलुंड-घाटकोपरच्या फलाटांसमोरून न थांबता धडाडत जाणाऱ्या त्या गाडीत बसलेल्या या माणसाने पुढे पत्ते पिसण्यावर एक शोधनिबंध लिहिला. दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्याचे नाव.

त्यांचा जन्म 31 जुलै 1907 रोजी गोव्यातल्या कोसबेन येथे झाला. वडील धर्मानंद म्हणजे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. 1918 साली अकरा वर्षांचा दामोदर वडिलांबरोबर अमेरिकेला गेला. पुढे हार्वर्डमधून 1929 साली उत्तम यश मिळवून बाहेर पडला. मनात आणले असते तर तिकडेच बस्तान बसवता आले असते. पण तो परतला. आधी बनारस हिंदू विश्वविद्यालय, मग अलीगढ आणि 1933 पासून पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज असा त्याच्या अध्यापनाचा प्रवास झाला.

आता पत्त्यांकडे वळू. नवशिका फक्त स्वतःच्या हाताकडे पाहतो. राजा आला की खूश, दुरी-तिरी आली की हिरमुसला. त्याची पहिली इयत्ता म्हणजे मोजायला शिकणे. आपल्याकडे हा धडा फार जुना आहे. महाभारतातला नळ राजा पुष्कराशी द्यूत खेळून राज्य घालवून बसला. पुढे ऋतुपर्ण राजाने बेहड्याच्या झाडाकडे नुसते पाहून त्याची पाने आणि फळे किती ते सांगितले, तेव्हा नळाला उमगले की अंदाज बांधणे ही विद्या आहे. ती शिकून तो पुन्हा खेळला आणि जिंकला.

तीन पत्तीत बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते 22,100 प्रकारे येऊ शकतात. त्यांतले 16,440 हात असे असतात की त्यांत साधी जोडीसुद्धा नसते. जोडी लागते 3,744 हातांत. तीन सारख्या पत्त्यांची ट्रेल फक्त 52 हातांत, म्हणजे सव्वाचारशेत एकदा. गंमत अशी की एकाच रंगाचा क्रम, ज्याला आपण प्युअर सिक्वेन्स म्हणतो, तो 48च प्रकारे लागतो. म्हणजे तो ट्रेलहून दुर्मीळ, तरी रिवाजाने ट्रेल त्याच्यावर. हे आकडे ज्याला ठाऊक नाहीत त्याने चाल वाढवू नये, एवढेच माझे म्हणणे.

दुसरी इयत्ता म्हणजे एका डावावरून निष्कर्ष न काढणे. कोसंबींचे सारे आयुष्य या एका शिस्तीत गेले. फर्ग्युसनच्या काळात ते संख्याशास्त्राकडे वळले आणि आपल्या गणिताला हात घालता येईल अशी सामग्री शोधू लागले. ती त्यांना तक्षशिलेच्या आहत नाण्यांत मिळाली. त्यांचा तर्क साधा होता. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. एकच नाणे तोलून काही कळत नाही, कारण एखादे कमी झिजते, एखादे जास्त. पण एका जातीची पुष्कळ नाणी तोलली, तर जितकी जुनी वापरात असतील तितके त्यांचे सरासरी वजन घटलेले दिसते आणि वजनांतला परस्पर फरकही वाढलेला दिसतो. त्यांनी नाणी हजारोंनी तोलली. आपला तर्क खरा आहे ना हे तपासायला चालू बाजारातली नाणीही तोलली. एकेका नाण्याचा चंचलपणा मान्य करून समूहाचा स्वभाव ओळखायचा, हीच ती शिस्त. पत्त्यांत तिला पर्याय नाही. एका रात्री जिंकलात म्हणून शहाणे ठरत नाही. शंभर रात्रींची वही ठेवा, मग बोला. याच काळात, 1944 साली, त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्याचे एक सूत्र मांडले. ते आजही जनुकशास्त्रात कोसंबींच्याच नावाने वापरले जाते.

1945 साली होमी भाभांनी त्यांना नव्याने निघालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. राहते घर पुण्यात, काम मुंबईत. मग डेक्कन क्वीन हा त्यांच्या दिनक्रमाचाच भाग झाला. 1958 साली कोसंबी आणि यू. व्ही. राममोहन राव या दोघांचा निबंध लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. विषय होता, पत्ते पिसल्याने ते खरोखर कितपत विस्कळित होतात. झाकलेला पत्ता मनोबलाने ओळखण्याच्या प्रयोगांचा त्या काळी अमेरिकेत बराच गाजावाजा झाला होता. अशा प्रयोगांचा सारा हिशेब पत्ते पूर्णपणे मिसळले आहेत या गृहीतावर उभा असतो. ते गृहीतच तपासून पाहावे असे वाटणे, यात कोसंबींचा स्वभाव दिसतो.

लोकलमधल्या रमीवाल्यांनी हा मुद्दा ध्यानात घ्यावा. डाव संपल्यावर पत्ते गोळा होतात ते लागलेल्या क्रमांसकट. घाईघाईने हातातल्या हातात तीन-चारदा पिसले तर त्या क्रमांचे तुकडे तसेच शिल्लक राहतात आणि पुढच्या वाटपात उतरतात. पुढे 1992 साली बायर आणि डायकोनिस या गणितींनी दाखवून दिले की, गड्डीचे दोन भाग करून ते फर्रकन एकमेकांत मिसळण्याची पद्धत असेल तर बावन्न पत्त्यांना साधारण सात वेळा पिसणे लागते. मुरलेला खेळाडू पत्ते उचलण्याआधी पिसणाऱ्याच्या हाताकडे पाहतो, ते उगाच नव्हे.

तिसरी इयत्ता पोकरची खरी इयत्ता आहे. ती म्हणजे किंमत आणि शक्यता यांची तुलना. समजा मध्ये तीनशेचा ढीग आहे आणि खेळात राहायला तुम्हाला शंभर टाकायचे आहेत. चारांत एकदा जिंकलात तरी हिशेब बरोबरीत सुटतो. आता तुमच्याकडे एका रंगाचे चार पत्ते आहेत, पाचवा हवा आहे आणि एकच पत्ता उघडायचा राहिला आहे. न दिसलेल्या 46 पत्त्यांत तुमच्या कामाचे नऊ. म्हणजे पाचांत एकाहूनही थोडी कमी शक्यता. अशा वेळी पत्ते टाकून द्यावेत. न जाणो लागलाच असता तर, हा विचार करणारा नवशिकाच राहतो.

चौथी इयत्ता हुलकावणीची, म्हणजे ब्लफची. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने 1928 मध्ये खेळांच्या सिद्धांताचा पाया घातला आणि 1944 मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्नबरोबरच्या ग्रंथात पोकरचाच नमुना घेऊन दाखवले की ब्लफ ही लबाडी नसून गणिताची गरज आहे. पत्ते चांगले असतानाच बोली वाढवणाऱ्याचे मन समोरचा सहज वाचतो. अधूनमधून हलक्या पत्त्यांवरही वाढवले तरच चांगल्या पत्त्यांना किंमत मिळते. हुलकावणीची मौज कोसंबींनाही ठाऊक होती. अलीगढला असताना आंद्रे वेल या फ्रेंच मित्राच्या सांगण्यावरून त्यांनी 1931 साली एक निबंध लिहिला, तो बुर्बाकी नावाच्या अस्तित्वातच नसलेल्या गणितीच्या प्रमेयाचा आधार घेऊन! पुढे वेल आणि त्याच्या मित्रांनी त्याच नावाने जगप्रसिद्ध ग्रंथमाला लिहिली.

इथवर कोसंबींचे चरित्र म्हणजे जिंकत जाणाऱ्या खेळाडूची गोष्ट वाटेल. पण शेवटची इयत्ता सर्वांत अवघड असते आणि तिथे हा बुद्धिमान माणूसही अडखळला. मूळ संख्या कशा विखुरलेल्या असतात याविषयी बर्नहार्ड रीमान या जर्मन गणितीने 1859 मध्ये एक अनुमान मांडले. ते अजूनही कुणाला सिद्ध करता आलेले नाही. बरोबर शंभर वर्षांनी, 1959 साली, कोसंबींनी संभाव्यतेच्या मार्गाने ते सिद्ध केल्याचा दावा केला आणि तो कृषी संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात छापला. सिद्धता टिकली नाही. गणिताच्या जगात त्यांच्या नावाला मोठा धक्का बसला. 1962 साली टाटा संस्थेने त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढवली नाही. त्यामागे अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा त्यांनी धरलेला आग्रह आणि भाभांशी आलेले वितुष्टही होते, असे पुष्कळांनी लिहिले आहे. पण त्या दाव्याने विरोधकांच्या हाती आयते कोलीत दिले, हे नाकारता येत नाही.

मला या प्रसंगाचे वाईट वाटते, ते एका कारणाने. हजारो नाणी तोलल्याशिवाय तोंड न उघडणारा हा माणूस आपली सारी पुंजी एका डावावर लावून बसला. बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे; सर्वांत मोठा ढीग समोर दिसला म्हणून. पोकरचे जाणते एक नियम सांगतात, की पत्ते कितीही चांगले वाटले तरी हरल्यावर खेळात परतता येणार नाही एवढे एका हातावर लावू नये. हा नियम वहीत लिहायला सोपा आणि टेबलावर पाळायला महाकठीण आहे. संभाव्यता ज्याच्या बोटांवर होती त्यालाही तो पाळता आला नाही, हे आपण कायम ध्यानात ठेवावे.

आणि तरीही कोसंबी हरलेले नाहीत. त्यांनी डाव एकाच टेबलावर मांडलेला नव्हता. भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखिते ताडून त्यांनी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली होती. 1956 सालच्या त्यांच्या ग्रंथाने भारताच्या इतिहासलेखनाला वेगळी दिशा दिली होती. नोकरी गेल्यावरही ते पुण्याच्या परिसरातल्या टेकड्या पायी पालथ्या घालत राहिले, दगडी हत्यारे वेचत राहिले, लिहीत राहिले. फेब्रुवारी 1966 मध्ये नाण्यांच्या त्याच जुन्या हिशेबावरचा त्यांचा लेख एका प्रख्यात अमेरिकन विज्ञान मासिकात आला. त्याच वर्षी 29 जूनला, अवघ्या 58व्या वर्षी, पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. मोबाइलवर रात्र रात्र पोकर खेळून घराचे हप्ते थकवणाऱ्या कितीतरी घरांना त्याने हायसे वाटले असेल. पण खेळातली अक्कल काही पैशांवर अवलंबून नाही. काड्यापेटीच्या काड्या लावून खेळा, मुलांना सोबत घ्या, शक्यता त्यांच्याकडून मोजून घ्या आणि वही ठेवायला त्यांनाच सांगा. डाव हरलात तर निर्णय चुकला होता की नुसता पत्ता उलटा पडला, हे त्या वहीत प्रामाणिकपणे लिहा. या दोन गोष्टींत फरक करता येऊ लागला की नवशिकेपण संपले म्हणून समजावे.