विटेच्या पुडीवर धरण उभारणारे विश्वेश्वरय्या

कडेगाव - पाडलेल्या घरांच्या विटा, जुन्या स्लॅबचा राडारोडा, साखर कारखान्याच्या बॉयलरमधील राख. उसाच्या या पट्ट्यात अशा टाकाऊ वस्तूंची वाण नाही. त्यांचा काँक्रीटमध्ये उपयोग करता येतो, हे आता सिद्ध झाले आहे. अडचण निराळीच आहे. अशा काँक्रीटची ताकद किती भरेल, हे बांधण्यापूर्वी सांगायचे कसे? ज्यांचा जन्मदिवस १५ सप्टेंबरला अभियंता दिन म्हणून पाळला जातो, त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठे काम याच प्रश्नाशी जोडलेले आहे.

विश्वेश्वरय्या यांचा जन्म १८६१ मध्ये म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी येथे झाला. वडील संस्कृतचे पंडित. मात्र पितृछत्र लवकर हरपले. शिकवण्या करून त्यांनी बंगळूरमध्ये शिक्षण घेतले व १८८१ मध्ये बी. ए. झाले. पुढे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. १८८३ च्या अभियांत्रिकी परीक्षेत त्यांनी पहिला क्रमांक मिळवला. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी लागली आणि नाशिक, धुळे, सुरत, पुणे अशी भटकंती सुरू झाली. नीरा कालव्यावर त्यांनी पाळीपाळीने पाणी देण्याची ब्लॉक पद्धत आणली. ऊस एकाच जागी वर्षानुवर्षे पाणी पीत राहू नये, हा तिचा हेतू. आपल्या भागाने तो फारसा मनावर घेतला, असे म्हणवत नाही. १९०३ मध्ये खडकवासला धरणावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले.

इलाख्याची नोकरी सोडून ते १९०९ मध्ये म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले. १९११ मध्ये कावेरीवर कृष्णराजसागर धरणाचे काम सुरू झाले. त्या वेळी सिमेंट परदेशातून येत असे. पोरबंदरच्या कारखान्यातून देशी सिमेंट निघू लागले ते १९१४ मध्ये. सुमारे अडीच किलोमीटर लांबीच्या दगडी धरणासाठी आयात सिमेंट परवडणारे नव्हते. म्हणून बांधकामास चुना आणि सुरखी यांचा मसाला वापरण्यात आला.

सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची बारीक पूड. ती विश्वेश्वरय्यांनी शोधलेली नाही. आपल्याकडील जुन्या बांधकामांतही ती आढळते. नुसता चुना हवेशी संबंध आल्याने घट्ट होतो. जाड भिंतीच्या पोटात तो दीर्घकाळ मऊ राहतो. सुरखीतील सिलिका व अॅल्युमिना पाण्याच्या सान्निध्यात चुन्याशी संयोग पावतात, त्यामुळे मसाला ओलाव्यातही धरतो. मात्र वीट कमी भाजली तर ती मातीच राहते आणि जास्त भाजून खंगर झाली तर तिची पूड निष्क्रिय ठरते. शिवाय ही ताकद सावकाश, महिनोन् महिने वाढत जाते. त्यामुळे पायाच्या वेळी नुसत्या आजच्या ताकदीवर भागत नव्हते, पुढची ताकद गृहीत धरावी लागत होती.

इथेच विश्वेश्वरय्यांनी मोठी जोखीम पत्करली. खालच्या अंगाच्या मद्रास सरकारने धरण ८० फुटांपर्यंतच बांधण्यास संमती दिली होती. त्यांनी पाया मात्र मूळच्या, अधिक उंचीच्या आराखड्यानुसार घातला. पुढे परवानगी मिळाली नसती, तर संस्थानाचा तो खर्च व्यर्थ गेला असता. १९२४ च्या करारानंतर उंचीचा प्रश्न सुटला व १९३१ च्या सुमारास काम पुरे झाले. १९१२ मध्ये दिवाण झालेले विश्वेश्वरय्या १९१८ मध्येच पदावरून दूर झाले होते. धरणाचे सारे श्रेय त्यांना एकट्याला देण्याची प्रथा म्हणूनच योग्य नाही. पुढील अभियंत्यांचा व महाराज कृष्णराज वडियार यांचाही त्यात वाटा आहे.

योगायोग असा, की १९१८ मध्येच अमेरिकेत डफ अॅब्रॅम्स यांनी पाणी व सिमेंट यांच्या प्रमाणावरून काँक्रीटची ताकद वर्तवण्याचा नियम मांडला. पाणी वाढले की ताकद घटते. राडारोड्याच्या खडीला हा नियम सरळ लागू पडत नाही, कारण तिला चिकटलेला जुना मसाला पाणी शोषतो. उसाच्या चिपाडाच्या राखेचेही तसेच. ती किती तापमानाला जळली, यावर तिचा गुण ठरतो. जी गोष्ट सुरखीची, तीच राखेची! संगणकाला शेकडो मिश्रणांचे आकडे देऊन ताकदीचा अंदाज बांधण्याची पद्धत १९९० च्या दशकापासून रूढ होत आहे. पण एका कारखान्याच्या राखेचा अंदाज दुसऱ्याच्या राखेस लावणे धोक्याचे. १५० मिलिमीटरचा ठोकळा २८ दिवसांनी दाबून पाहण्यास अजून पर्याय नाही. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने लोखंडी सळयांच्या काँक्रीटमध्ये जुन्या काँक्रीटची खडी २० टक्क्यांपर्यंतच, आणि तीही एम-२५ प्रतीपर्यंतच, मान्य केली आहे.

शिवाय ताकद म्हणजे टिकाऊपणा नव्हे. चुना-सुरखीचेच असलेले १८९५ चे मुल्लपेरियार धरण चुना झिरपल्याच्या तक्रारींमुळे १९७९ पासून बळकट करावे लागले. कृष्णराजसागर मात्र आजही पाणी साठवते.

विश्वेश्वरय्यांना १९५५ मध्ये भारतरत्न मिळाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्यात खडकवासलाही गेले, तेव्हा ते हयात होते. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९६२ मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.