पाद्रीबुवांचा कुत्रा

आमच्या आजोबांच्या ग्रामोफोनच्या तबकड्यांवर कर्ण्यासमोर मान तिरकी करून बसलेला एक कुत्रा होता. तुमच्याही घरी असेलच. त्याचे नाव निपर. जन्म १८८४, गाव ब्रिस्टल. तो जॅक रसेल की फॉक्स टेरियर, का दोहोंची भेसळ, यावर अजून वाद चालतात. हा जॅक रसेल कोण, याचा शोध घेऊ लागलो आणि एका इंग्रज पाद्रीबुवांपाशी येऊन थांबलो. निपरच्या जन्माच्या आदल्याच वर्षी ते वारले होते.

जॉन रसेल यांचा जन्म १७९५ साली डार्टमथला झाला. शाळेत असतानाच शिकारी कुत्रे चोरून पाळले म्हणून त्यांचे नाव कटता कटता राहिले. पुढे ऑक्सफर्डला शिकत असताना १८१९ साली जवळच्या मार्स्टन गावातल्या एका दूधवाल्याकडे त्यांना एक कुत्री दिसली. पांढरीशुभ्र, डोळ्यांवर आणि कानांवर तपकिरी डाग आणि शेपटीच्या मुळाशी नाण्याएवढा एक ठिपका. त्यांनी तिथल्या तिथे ती विकत घेतली. हीच ती ट्रंप. पुढच्या साऱ्या वंशाची आदिमाता म्हणून तिचेच नाव घेतले जाते.

रसेल डेव्हन परगण्यातल्या स्विमब्रिजला चाळीसहून अधिक वर्षे पाद्री होते. धर्मोपदेशकाने घोड्यावर बसून कोल्ह्यांमागे धावावे, हे एक्झेटरच्या बिशपना मुळीच रुचत नव्हते. रसेल यांनी मात्र शिकार सोडली नाही. आपल्याकडच्या वाचकाला हा छंद क्रूर वाटेल, मलाही वाटतो. पण त्यांचा कुत्रा समजून घ्यायचा तर त्याचे काम आधी समजले पाहिजे. कोल्हा बिळात शिरला की हाउंड कुत्रे बाहेर अडतात. तेव्हा हा छोटा टेरियर आत घुसतो. त्याने कोल्ह्याला मारायचे नाही. भुंकून भुंकून बाहेर काढायचे. म्हणून पाय घोड्यांबरोबर धावण्याइतके लांब, पण छाती दोन तळव्यांच्या कवेत मावेल एवढीच. रंग पांढरा, म्हणजे धांदलीत कोल्हा समजून कोणी त्यालाच पकडायला नको.

१८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब निघाला. रसेल त्याच्या संस्थापक सभासदांपैकी एक. पुढच्याच वर्षी क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात त्यांनी फॉक्स टेरियरचे परीक्षणही केले. पण स्वतःचे कुत्रे त्यांनी प्रदर्शनात कधी उतरवले नाहीत. बक्षिसांच्या नादात इतरांचे कुत्रे डौलदार होत गेले. डोके लांबले, खांदे सरळ झाले आणि बिळात शिरण्याचा गुण मागे पडला. रसेल जोड्या जुळवत ते काम पाहून.

दुर्दैव असे की या माणसाच्या हाती पैसा कधी टिकला नाही. अडचणीत आले की ते कुत्रे विकत. १८८३ साली ते गेले, तेव्हा त्यांच्याजवळ मोजके म्हातारे कुत्रे उरले होते. ट्रंपपासून आजपर्यंत सलग वंशावळ कोणालाही कागदावर दाखवता येत नाही.

१८९४ साली आर्थर हाइनेमान यांनी एक क्लब काढला, १९०४ मध्ये जातीची मानके लिहिली. महायुद्धांनंतर मात्र आखूड पायांच्या कुत्र्यांशी संकर होत होत, जॅक रसेल या नावाखाली वाटेल ते कुत्रे खपू लागले. तेव्हा जुन्याचे चाहते पुन्हा जागे झाले. लांब पायांचा, लवचीक छातीचा, जाड केसांचा तो मूळ घाट त्यांनी निवडून निवडून परत आणला. १९९० साली केनेल क्लबने त्याला मान्यता दिली आणि १९९९ मध्ये ‘पार्सन रसेल टेरियर’ असे नाव ठरले.

यावर कडाक्याचे भांडण झाले. कामकरी कुत्रे पाळणाऱ्यांचे म्हणणे असे की, ज्या प्रदर्शनापासून पाद्रीबुवांनी कुत्रा वाचवला, तिथेच तुम्ही त्याला उभे केलेत. दुसरी बाजू म्हणे, नोंद नसेल तर घाट टिकणार कसा? मला आधी पहिली बाजू पटत होती. पण २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांच्या झुंडीने कोल्ह्याची शिकार करायला कायद्याने बंदी आहे. पाद्रीबुवा ज्या कामावर कुत्रा पारखत, ते कामच बहुतेक संपले. आता परीक्षक कुत्र्याच्या छातीभोवती दोन्ही तळवे धरतात आणि बोटे एकमेकांना टेकतात का, तेवढे पाहतात.