'स्टुडंट' नावाचा माणूस

गणिताच्या पेपरात 'टी-टेस्ट'चं उदाहरण आपण सगळ्यांनीच कधी ना कधी सोडवलं आहे. टेबल बघायचा, आपली किंमत मोठी की छोटी ते बघायचं, 'हायपोथेसिस रिजेक्टेड' असं लिहायचं आणि मोकळं व्हायचं! पुस्तकात तिचं पूर्ण नाव 'स्टुडंट्स टी-टेस्ट' असं असतं. मला बरेच दिवस वाटायचं की ती स्टुडंट लोकांना छळण्यासाठी काढली, म्हणून हे नाव. खरं कारण वेगळंच निघालं. 'स्टुडंट' हे एका माणसाचं टोपणनाव होतं आणि तो बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता. (रेक्टर सरांनी दचकू नये, या लेखात बिअर फक्त मोजली जाणार आहे.)

त्याचं खरं नाव विल्यम सीली गॉसेट. जन्म १३ जून १८७६, इंग्लंडमधलं कँटरबरी. वडील लष्करात रॉयल इंजिनियर्समध्ये कर्नल होते. मुलालाही तिकडेच जायचं होतं, पण डोळे कमजोर असल्यामुळे ते जमलं नाही. म्हणजे इंजिनियर व्हायचं राहून गेलेला हा माणूस! मग तो ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात गेला आणि गणित आणि रसायनशास्त्र या दोन्ही विषयांत पहिल्या वर्गात आला. १८९९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, डब्लिनच्या गिनेस कंपनीत ब्रुअर म्हणून रुजू झाला. ही कंपनी तेव्हा मुद्दाम ऑक्सफर्ड-केंब्रिजचे विज्ञान पदवीधर घेत होती. आजच्या भाषेत म्हणायचं तर कॅम्पस प्लेसमेंटच.

कंपनीला हे पदवीधर कशाला हवे होते? बिअर बनते चार गोष्टींपासून : पाणी, यीस्ट, माल्ट म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेली बार्ली, आणि हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. हॉप्समुळे बिअरला कडवटपणा आणि वास येतो, आणि ती टिकतेसुद्धा. पिढ्यान् पिढ्या हॉप्सची पारख अशीच व्हायची : फुलं तळहातावर चोळायची, वास घ्यायचा, रंग बघायचा आणि निकाल द्यायचा. आपल्याकडे आंबा हुंगून घेतात ना, तसंच. घरी दोन डझन आंबे आणताना ते ठीक आहे. पण एवढ्या मोठ्या कारखान्यात आज एकाच्या नाकाला चांगलं वाटलं आणि उद्या दुसऱ्याच्या नाकाला नाही, असं चालणार कसं?

म्हणून गिनेसच्या ब्रुअरांनी हॉप्समधली राळ मोजायला सुरुवात केली. तिथेच गाडी अडली. एका गटाचे ११ नमुने, दुसऱ्याचे १४. दोन्हींची सरासरी थोडी वेगळी आली. आता हा फरक खरा, की नमुने उचलताना झालेला योगायोग? त्या काळचं संख्याशास्त्र शेकडो-हजारो नमुन्यांसाठी होतं. अकरा नमुन्यांवर काय म्हणायचं, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

गणित येतं म्हणून हे काम गॉसेटच्या गळ्यात पडलं. १९०४ साली त्याने कंपनीसाठी एक अंतर्गत अहवाल लिहिला. त्यातला प्रश्न अगदी व्यवहारी होता. माल्टमधून किती अर्क निघतो ते मोजताना दर वेळी आकडा थोडा बदलतो. मग कितीदा मोजलं म्हणजे सरासरी अर्ध्या अंशाच्या आत बरोबर आली असं म्हणायचं? त्याने हिशोब मांडला. दोनदा मोजलं तर शक्यता चारास एक, तीनदा मोजलं तर सातास एक, चारदा मोजलं तर बारास एक. कंपनीला दहास एक एवढी खात्री पुरत होती, म्हणजे चारदा मोजणं बास! जास्त मोजायचं तर माणूस, वेळ आणि पैसा जातो. किती अचूक, याच्याइतकंच किती अचूक पुरे, हेही महत्त्वाचं असतं हे त्याला पहिल्यापासून कळलं होतं.

पण आतलं गणित अजून पक्कं नव्हतं. १९०५ च्या उन्हाळ्यात, सुट्टीवर असताना, तो सायकल मारत त्या काळातले सर्वांत मोठे संख्याशास्त्रज्ञ कार्ल पियर्सन यांच्याकडे गेला. पुढे कंपनीने त्याला १९०६-०७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांच्या हाताखाली शिकायला पाठवलं. पियर्सनना छोट्या नमुन्यांत फारसा रस नव्हता, कारण त्यांच्याकडे आकड्यांचे ढीग असायचे. गॉसेटकडे चार-चार, पाच-पाच आकडे!

१९०८ साली 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात त्याचा तो प्रसिद्ध निबंध आला. ब्रुअरीची गुपितं बाहेर जाऊ नयेत म्हणून कंपनी स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती, म्हणून नाव दिलं 'स्टुडंट'. मुख्य मुद्दा असा. रीडिंग थोडी असली की सरासरीबद्दल शंका असतेच, पण ती शंका मोजायला आपण जो 'स्टँडर्ड डिव्हिएशन' काढतो तोही त्याच थोड्या रीडिंगवरून काढलेला असतो. म्हणजे फूटपट्टीच कच्ची! त्यामुळे नेहमीच्या घंटेच्या आकाराच्या आलेखापेक्षा इथे दोन्ही बाजूंची शेपटं जाड होतात.

हे पडताळून बघायला त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. त्याने ३००० कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या कार्डांवर उतरवली, कार्डं पिसली आणि चार-चारचे ७५० गट पाडले. सूत्राने सांगितलेलं आणि कार्डांतून निघालेलं जुळलं. आपण आज जे सिम्युलेशन एका क्लिकवर करतो ते या माणसाने हाताने केलं!

त्या सूत्राची पक्की सिद्धता मात्र त्याच्याकडे नव्हती. १९१२ मध्ये केंब्रिजच्या एका विद्यार्थ्याने ती करून त्याला पाठवली. तो विद्यार्थी म्हणजे रोनाल्ड फिशर. पुढे फिशर आणि पियर्सन यांचं कट्टर वैर झालं, पण गॉसेटची दोघांशीही मैत्री टिकली. आज आपण वापरतो तो 'टी' फिशरच्या मदतीने १९२० च्या दशकात आला.

गॉसेट मात्र शेवटपर्यंत ब्रुअरच राहिला. आयर्लंडच्या शेतांत बार्लीच्या जाती शेजारी-शेजारी पेरून कुठली सरस, हे ठरवण्यात त्याने बरीच वर्षं घालवली. नुसता फरक 'सिद्ध' झाला म्हणून तो खूश होत नसे. तो फरक किती मोठा आणि शेतकऱ्याच्या-कारखान्याच्या खिशात किती पडतो, हे त्याला हवं असायचं. घरी बागकाम, मासेमारी आणि स्वतःच्या हाताने होड्या बांधणं. १९३५ मध्ये तो लंडनच्या पार्क रॉयलमधली नवी ब्रुअरी सांभाळायला गेला आणि १६ ऑक्टोबर १९३७ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी, वारला.

आता आजची गोष्ट. सध्या 'हेझी पेल एल' नावाच्या बिअरची चलती आहे. दिसायला ढगाळ, वासाला आंब्या-संत्र्यासारखी, कारण हॉप्स भरपूर. पूर्वी असा गढूळपणा बहुतेक ठिकाणी दोष ठरला असता. २०१८ साली अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनने तिला वेगळा प्रकार म्हणून मान्यता दिली. स्पर्धांत परीक्षक ती चाखून गुण देतात. एका प्रचलित पद्धतीत ५० पैकी वासाला १२, चवीला २० आणि दिसण्याला फक्त ३. समजा पाच परीक्षकांनी एका बिअरला सरासरी ३८ दिले आणि दुसरीला ४०. दुसरी खरंच चांगली, की जिभा वेगळ्या? म्हणजे फिरून आपण गॉसेटच्याच प्रश्नावर येतो. १९४० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये तीन ग्लासांची चाचणी निघाली. दोन ग्लासांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळा ग्लास ओळखायचा. नुसता अंदाज मारला तरी तीनात एकदा बरोबर येतोच. म्हणून एखाद्याने एकदा ओळखलं, यावर कोणी टाळ्या वाजवत नाही.

आणि आपण? लॅबमध्ये तीन रीडिंग घेतो. खरं सांगायचं तर दोन घेतो आणि तिसरं जर्नल लिहिताना शेजारच्याच्या वहीत बघून 'बसवतो'. मीही बसवलं आहे. सगळी रीडिंग छान जुळतात, व्हायव्हा पार पडतो. पण स्टुडंटचा टेबल उघडून बघा. ९५ टक्के खात्रीसाठी भरपूर रीडिंग असतील तर गुणक १.९६. तीनच असतील तर ४.३०३. दोनच असतील तर १२.७०६! ते तिसरं रीडिंग खरोखर घेतलं तर आपली शंका इतकी कमी होते. न घेता लिहिलं तर शंका तेवढीच राहते, फक्त ती दिसेनाशी होते.

गॉसेटकडेही आपल्यासारखी तीन-चारच रीडिंग असायची. त्याने ती वाढवून दाखवली नाहीत. थोडक्या रीडिंगवर किती विश्वास ठेवायचा, तेवढं त्याने प्रामाणिकपणे मोजलं. पुढच्या सेमला मी तिसरं रीडिंग घेणार आहे. जुळलं नाही तर जुळलं नाही असं लिहीन.