मुठींचे वस्ताद : फेलिक्स श्टाम

मुष्टियुद्ध म्हणजे दोन बलदंड माणसांची मारामारी, अशी पुष्कळांची समजूत असते. ज्याच्या मनगटात बळ अधिक तो जिंकणार आणि दुबळा मार खाणार, एवढाच त्यांच्या लेखी या खेळाचा अर्थ असतो. परंतु ही समजूत खोटी ठरविणारा एक थोर वस्ताद युरोपातील पोलंड देशात होऊन गेला. त्यांचे नाव फेलिक्स श्टाम. तरुणांना ठोसा मारण्यास शिकविण्यात त्यांचे सारे आयुष्य गेले. पण त्याहूनही अधिक परिश्रम त्यांनी ठोसा चुकविण्याची विद्या शिकविण्यासाठी घेतले.

श्टाम यांचा जन्म १४ डिसेंबर १९०१ रोजी कोश्चान या लहानशा गावी झाला. त्या वेळी पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन बलाढ्य शेजाऱ्यांनी १७९५ सालीच त्याचे शेवटचे लचके तोडून आपसांत वाटून घेतले होते. कोश्चान हे गाव जर्मनांच्या अमलाखाली होते. पुढे १९१८ साली पहिले महायुद्ध संपले आणि सव्वाशे वर्षांच्या पारतंत्र्यानंतर पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला. श्टाम तेव्हा अवघे सोळा-सतरा वर्षांचे होते. स्वातंत्र्याबरोबर देशात नवा उत्साह संचारला. ठिकठिकाणी व्यायामसंस्था निघाल्या आणि तरुण मंडळी निरनिराळ्या खेळांकडे वळली. पोझनान या शहरात श्टाम मुष्टियुद्ध शिकले. मात्र स्वतः रिंगणात उतरून कीर्ती मिळविण्यापेक्षा दुसऱ्यास तयार करण्यात त्यांना अधिक गोडी वाटू लागली. म्हणून ऐन तारुण्यातच त्यांनी शिक्षकाचा मार्ग पत्करला.

मुष्टियुद्धाचे दोन प्रकार आहेत. काही लोक पैशासाठी लढतात. ते धंदेवाईक होत. जे केवळ खेळाच्या आवडीने आणि आपल्या देशाच्या नावासाठी लढतात, त्यांना हौशी म्हणतात. श्टाम यांचे शिष्य हौशी मुष्टियोद्धे होते. त्या काळी हौशी सामना तीन फेऱ्यांचा असे आणि प्रत्येक फेरी तीन मिनिटे चाले. समोरच्याला लोळविलेच पाहिजे असे नसे. नेमके ठोसे किती मारले, प्रतिस्पर्ध्याचे किती चुकविले, हे पाहून पंच गुण देत.

हे मर्म ओळखून श्टाम यांनी आपली शिकविण्याची पद्धत बसविली. पाय हलके आणि चपळ हवेत. नजर प्रतिस्पर्ध्यावरून क्षणभरही ढळता कामा नये. त्याचा ठोसा येण्यापूर्वीच त्याचा बेत ओळखता आला पाहिजे. आणि तो फसून जरासा झुकला, की त्याच क्षणी आपला ठोसा नेमका लागला पाहिजे, अशी त्यांची शिकवण होती. सर्वांना एकाच साच्यात घालणे त्यांना मान्य नव्हते. कोणाचे हात लांब, कोणाचे पाय चपळ, कोणाचा स्वभाव शांत, तर कोणाचा उतावळा. ज्याचा जो गुण असेल, तोच ते फुलवीत. त्यांच्या शिष्यांचा खेळ पाहून लोक त्याला मुठींची तलवारबाजी म्हणू लागले. शिष्यांना ते इतके जवळचे वाटत, की सारे त्यांना पापा, म्हणजे बाबा, याच नावाने ओळखत.

या पद्धतीची फळे लवकरच दिसू लागली. १९३७ साली इटलीतील मिलान शहरी भरलेल्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत पोलंडने दोन सुवर्णपदके जिंकली. १९३९ च्या वसंत ऋतूत आयर्लंडमधील डब्लिन येथे आणखी एक सुवर्णपदक मिळाले. परंतु त्याच वर्षी १ सप्टेंबर रोजी हिटलरच्या सैन्याने पोलंडवर आक्रमण केले. अल्पावधीतच देश पुन्हा पारतंत्र्यात गेला. पोलिश लोकांच्या क्रीडासंस्था जर्मनांनी बंद करून टाकल्या. रिंगणे ओस पडली. श्टाम यांचे शिष्य दाही दिशांना पांगले.

त्यांतील एकाची हकिकत विसरता येण्याजोगी नाही. तादेउश प्येत्शिकोव्स्की हा वॉर्सा शहरातील एक तरुण मुष्टियोद्धा होता. देशासाठी लढता यावे, म्हणून परदेशातील पोलिश फौजेला जाऊन मिळण्याच्या प्रयत्नात असताना तो पकडला गेला. जून १९४० मध्ये ऑशविट्झ येथील छळछावणीत कैद्यांची पहिली मोठी तुकडी आणली गेली, तीत तो होता. तेथे माणसाला नाव उरत नसे; त्याच्या अंगावर केवळ क्रमांक असे. प्येत्शिकोव्स्कीचा क्रमांक होता ७७. उपासमारीने आणि कष्टाने तो खंगला. त्याचे वजन चाळीस किलोच्या आसपास आले.

१९४१ साली एके दिवशी छावणीतील एका मुकादमाशी लढण्याची त्याला संधी मिळाली. हा मुकादम जर्मन होता. पूर्वी तो मुष्टियोद्धा होता आणि त्याचे वजन सुमारे सत्तर किलो होते. जिंकला तर भाकरी मिळणार होती. बळाचा हिशेब केला असता, तर ही झुंज म्हणजे शुद्ध आत्मघात होता. परंतु श्टाम यांनी त्याला बळाचा नव्हे, तर नजरेचा आणि पावलांचा हिशेब शिकविला होता. मुकादमाचे ठोसे हवेत जाऊ लागले, आणि त्या अस्थिपंजर तरुणाचे ठोसे मात्र नेमके लागू लागले. अखेर त्या मुकादमानेच झुंज थांबविली व त्याला भाकरी दिली. ती त्याने आपल्या भुकेल्या सोबत्यांबरोबर वाटून खाल्ली. त्यानंतर छावणीत तो अनेकदा लढला आणि युद्ध संपेपर्यंत जिवंत राहिला. पुढे तो शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक झाला. व्यायामशाळेत शिकलेली विद्या अशा रीतीने मृत्यूच्या दारात त्याच्या उपयोगी पडली.

१९४५ साली जानेवारी महिन्यात वॉर्सा शहर मुक्त झाले, तेव्हा तेथे शहर असे उरलेच नव्हते. शत्रूने घरे, देवळे, ग्रंथालये जाळून आणि सुरुंग लावून पाडली होती. दगडविटांच्या ढिगांतून लोकांनी शहर पुन्हा बांधावयास घेतले. श्टाम यांनीही आपले काम पुन्हा आरंभिले. नवे तरुण त्यांच्याभोवती जमले. युद्धाच्या वर्षांत त्यांपैकी पुष्कळांचे बालपण करपून गेले होते. त्यांना अंगमेहनत शिकविण्याची गरज नव्हती. गरज होती ती विश्वासाची. १९५२ साली हेल्सिंकी येथील ऑलिंपिक स्पर्धेत झिग्मुंट खिख्वा या शिष्याने अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाच्या सर्गेई श्चेर्बाकोव्हचा पराभव करून सुवर्णपदक मिळविले. युद्धानंतर पोलंडला मिळालेले हे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक होय.

पुढच्याच वर्षी, मे १९५३ मध्ये, युरोपीय हौशी मुष्टियुद्ध अजिंक्यपद स्पर्धा वॉर्सा येथे भरली. स्पर्धेसाठी जागा निवडली होती ती जुन्या बाजाराच्या इमारतीची. १९४४ साली ती आगीत होरपळली होती. आता तिची डागडुजी करून तेथे क्रीडागृह केले होते. बाहेर अनेक रस्त्यांवर अजून पडक्या भिंती उभ्या होत्या. आत मात्र हजारो लोक दाटीवाटीने बसले होते. इंग्लंड, जर्मनी, सोव्हिएत संघ अशा कितीतरी देशांचे निवडक वीर त्या रिंगणात उतरले. एकूण दहा वजनगट होते, म्हणजेच दहा सुवर्णपदके होती.

त्या दहांपैकी पाच एकट्या पोलंडने जिंकली. हेन्रिक कुकेर, झेनोन स्तेफान्युक, युझेफ क्रुझा, लेशेक द्रोगोश आणि झिग्मुंट खिख्वा हे ते पाच विजयी वीर. त्यांतील द्रोगोश हा अवघा वीस वर्षांचा होता. अंगाने सडपातळ, पण समोरच्याचा हात त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत हा तेथून केव्हाच निसटलेला असे. पुढे लोक त्याला रिंगणातील जादूगार म्हणू लागले. खिख्वाची गाठ अंतिम सामन्यात पुन्हा श्चेर्बाकोव्हशीच पडली, आणि याही वेळी तोच जिंकला. त्या काळी पोलंडच्या कारभारावर सोव्हिएत संघाची मोठी छाया होती आणि लोकांना मनातले उघडपणे बोलता येत नसे. एकेका विजयानंतर राष्ट्रगीताचे सूर निघाले, की ते क्रीडागृह भरून येई. जळून गेलेल्या शहरातील लोकांना आपण अजून उभे आहोत, याची जणू ग्वाहीच मिळाली.

परंतु या विजयाला एक दुःखाची किनारही होती. खिख्वाला क्षयरोग जडला होता. डॉक्टरांना तो कळला होता. पण ही गोष्ट खिख्वापासून लपवून ठेवण्यात आली. देशाला पदक हवे होते, म्हणून तो आजारी असताना त्याला रिंगणात उतरविले गेले. स्पर्धा संपल्यावर त्याला सत्य समजले आणि त्याचे लढणे कायमचे थांबले. पदक कितीही चमकदार असले, तरी ते माणसाच्या जिवाहून मोलाचे नसते. वॉर्साच्या त्या विजयाची कथा सांगताना खिख्वाच्या वाट्याला आलेला हा अन्यायही सांगितलाच पाहिजे.

शिष्याच्या अंगच्या गुणांवर श्टाम यांचा किती विश्वास असे, हे आणखी एका प्रसंगावरून दिसून येते. मारियान कास्पशिक हा त्यांचा एक गुणी शिष्य. १९६० साली रोम येथील ऑलिंपिकमध्ये त्याने कांस्यपदक मिळविले. पण पुढे एका मारामारीच्या प्रकरणात तो सापडला. त्याला शिक्षा झाली आणि खेळण्यास आजन्म बंदी घालण्यात आली. असा खेळाडू सर्वांच्या दृष्टीने संपलेलाच असतो. श्टाम यांनी मात्र त्याला टाकून दिले नाही. त्याला पुन्हा संधी मिळावी, म्हणून त्यांनी आपला शब्द खर्ची घातला. बंदी उठली आणि १९६४ साली कास्पशिक टोकियो येथील ऑलिंपिकला गेला. अंतिम सामन्यात त्याच्या हाताचा अंगठा मोडला. ठोसा मारताना होणाऱ्या वेदनांची कल्पनाच केलेली बरी. तरीही तो शेवटच्या क्षणापर्यंत लढला आणि जिंकला. गुरूने टाकलेला विश्वास त्याने सार्थ केला.

टोकियोमध्ये कास्पशिकबरोबर युझेफ ग्रुजेन आणि येझी कुलेय यांनीही सुवर्णपदके मिळविली. तिघांचेही अंतिम सामने सोव्हिएत संघाच्या वीरांशी झाले होते. चार वर्षांनी, १९६८ साली, मेक्सिको येथे कुलेयने पुन्हा सुवर्णपदक जिंकले. हेल्सिंकीपासून मेक्सिकोपर्यंत श्टाम यांच्या शिष्यांनी ऑलिंपिकमध्ये एकंदर सहा सुवर्णपदके मिळविली. स्वतः श्टाम यांच्या गळ्यात मात्र यांतील एकही पदक पडले नाही. रिंगणाच्या कोपऱ्यात, दोरापलीकडे उभे राहून ते शिष्याच्या पावलांकडे पाहत असत. फेरी संपली, की शिष्य धापा टाकीत त्या कोपऱ्यात येई. विश्रांतीचा वेळ एका मिनिटाचा. तेवढ्या अवधीत काय चुकले व काय करावयाचे, हे त्याच्या मनावर ठसवावे लागे. ते मिनिट संपले, की पुढचे सारे शिष्याच्या हाती. गुरूचे काम असेच असते.

२ मे १९७६ रोजी वॉर्सा येथे फेलिक्स श्टाम यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षापासून त्यांच्या स्मरणार्थ त्या शहरात आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध स्पर्धा भरू लागली आणि देशोदेशींचे तरुण तीत लढू लागले.

श्टाम ज्या देशात जन्मले, त्याला बलाढ्य शेजाऱ्यांनी दोनदा चिरडले होते. अशा देशाच्या मुलांना त्यांनी शिकविले, की समोरचा आपल्याहून दांडगा आहे म्हणून खचून जाण्याचे कारण नाही. डोके शांत ठेवावे, नजर उघडी ठेवावी, मार चुकवावा आणि योग्य क्षणाची वाट पाहावी. त्यांच्या शिष्यांपैकी कोणी या विद्येच्या बळावर पदक जिंकले, तर कोणी छळछावणीत भुकेल्या सोबत्यांसाठी भाकरी जिंकली. त्या भाकरीचे मोल पदकापेक्षा कमी होते, असे कोण म्हणेल?