नरसाळ्यातली लहर

गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंना छातीत धडधड व्हायची, म्हणून डॉक्टरांनी छातीवर सात दिवसांसाठी एक पट्टी चिकटवली. हृदयाचे ठोके पट्टीतून बिनतारी फोनवर यायचे. पण आमच्या बुलडाण्याच्या घरात सासूबाई फोनकडे पाठ करून झोपल्या, की नोंद तुटलीच! मी पट्टीच्या नावाने बोटं मोडत होते. इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाचीने सांगितलं, की दोष पट्टीचा नाही, मधे आजीचं अंग येतं. शरीर म्हणजे खारं पाणी, ते लहर पिऊन टाकतं. बोलता बोलता तिने जगदीशचंद्र बोसांचं नाव घेतलं. मी म्हटलं, झाडांना जीव असतो म्हणणारे, तेच ना? शाळेत आपण तेवढंच शिकलो.

बोस 30 नोव्हेंबर 1858 रोजी मैमनसिंगला जन्मले. वडील सरकारी अधिकारी, पण मुलाला घातलं बंगाली शाळेत, कोळ्याच्या आणि नोकराच्या मुलांशेजारी. पुढे डॉक्टर व्हायला विलायतेला गेले, पण तापाने पिच्छा सोडला नाही आणि डॉक्टरकी सुटली. केंब्रिजला विज्ञान शिकून 1885 मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले. तिथे गोऱ्या प्राध्यापकाच्या एक तृतीयांश पगार देऊ केला. बोसांनी तीन वर्षं पगाराला हातच लावला नाही, शिकवणं मात्र एक दिवस चुकवलं नाही. शेवटी सरकारने मागचा सगळा पूर्ण पगार दिला, तो वडिलांच्या कर्जात गेला.

याच काळात, 1887 मध्ये, अबला त्यांच्या घरात आल्या. नाव अबला, पण बाई कशा! कलकत्त्यात मुलींना वैद्यकीचं दार बंद होतं, म्हणून त्या मद्रासला शिकायला गेल्या होत्या. प्रकृतीने त्यांचीही डॉक्टरकी अर्धीच राहिली. नवरा पगार घेत नाही, अशा घरात संसार मांडणं काय असतं, हे आपल्यातल्या कितीजणींना वेगळं सांगायला नको. शहरातलं भाडं परवडेना, तर दोघं नदीपार चंद्रनगरला राहिली. नवऱ्याला पलीकडे सोडून होडी वल्हवत परत आणायच्या त्या अबलाबाईच.

प्रयोगाला जागा मिळाली 24 चौरस फुटांची, आपल्याकडच्या देवघराएवढी. एका अडाणी टिनवाल्याला हाताशी धरून बोसांनी तिथे बिनतारी लहरी तयार केल्या. हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या लहरी हातभर लांब. बोसांनी त्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या, 5 मिलिमीटरपर्यंत आणल्या. यातच सगळी मेख आहे. लहर जेवढी लहान, तेवढा तिला पकडणारा अँटेना लहान. मनगटावरच्या घड्याळात अँटेना मावतो तो याच नियमाने. लहर गोळा करायला त्यांनी चौकोनी नरसाळं बनवलं, आणि त्याला नावही नरसाळंच दिलं. आजही तसे अँटेना वापरतात.

1895 मध्ये कलकत्त्यात भर सभेत त्यांनी लांबून, भिंतींपलीकडची घंटा वाजवली, बारूद उडवली. लहर म्हणे सभेतल्या लेफ्टनंट गव्हर्नरांच्या अंगातून गेली. माझ्या मते ती बाजूने, भिंतींवर आपटत पोचली असणार. एवढी लहान लहर अंगात खोल शिरत नाही. सासूबाईंचा अनुभव ताजा आहे ना!

मार्कोनी पुढे श्रीमंत झाला. बोसांना पेटंटचा तिटकारा. मैत्रीण सारा बुल यांच्या आग्रहाने 1904 मध्ये एक मिळालं. मग ते झाडांकडे वळले आणि रोपाची वाढ दहा हजार पटींनी मोठी करून दाखवणारं यंत्र केलं. डोळ्यांना न दिसणारी जिवाची हालचाल यंत्राला सांगायला लावायची, हाच ध्यास. आज त्याच 5 मिलिमीटरच्या लहरीने माणसाचा श्वास अंगाला हात न लावता मोजता येतो.

अंगावरच्या अँटेनावरही आता तोड निघाली आहे. चांदीचा मुलामा दिलेल्या धाग्याने तो कापडावरच विणतात किंवा भरतात, मधे जाड कापड, आणि खाली पुन्हा धातूच्या धाग्याचं अस्तर, म्हणजे लहर अंगात न जिरता बाहेर पडते. ब्लाऊजला अस्तर लावतो तसंच की! आपल्या खामगावची चांदी जगाला ठाऊक, पण तिचा हा उपयोग मला नवाच होता.

बोस 23 नोव्हेंबर 1937 रोजी गेले. अबलाबाईंनी 1919 मध्येच नारी शिक्षा समिती काढून खेड्यांत मुलींच्या शाळा सुरू केल्या होत्या, विधवांना शिक्षिका केलं होतं. ते काम सांभाळत त्या 1951 पर्यंत जगल्या.

उरलेले दिवस मी फोन कापडी पिशवीत घालून सासूबाईंच्या गळ्यात अडकवला. नोंद एकदाही तुटली नाही.