सी. रामचंद्र
रामचंद्र नरहर चितळकर ऊर्फ सी. रामचंद्र (जन्म : पुणतांबा, अहमदनगर जिल्हा, १२ जानेवारी १९१८, मृत्यू : मुंबई, ५ जानेवारी १९८२) हे हिंदी व मराठी चित्रपटांचे संगीतकार आणि पार्श्वगायक होते. त्यांचा जन्मजिल्हा आता अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो. विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे शास्त्रीय संगीत शिकल्यावर त्यांनी सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियमवादक म्हणून काम केले.

‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटातील पाश्चात्त्य ठेक्यांच्या गीतांमुळे त्यांचे नाव खेळकर संगीताशी जोडले गेले. ‘अनारकली’ (१९५३) या मुघलकालीन शोकांतिकेने त्यांच्या प्रतिभेची दुसरी बाजू समोर आणली. त्यात लता मंगेशकर यांनी गायिलेली, भीमपलास रागावर आधारलेली एक चाल आधी प्रेमगीत म्हणून येते. अखेरीस नायिकेला भिंतीत चिणले जात असताना तीच चाल निरोपगीत होऊन परतते. शब्द मृत्यूचे असले, तरी सूर गतसुखाची आठवण जागवतात. त्यामुळे शेवट अधिक करुण होतो.

भारत-चीन युद्धातील हुतात्म्यांना वाहिलेले कवी प्रदीप यांचे गीतही त्यांनी स्वरबद्ध केले. लता मंगेशकर यांनी ते २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत गायिले. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे त्यांचे आत्मचरित्र आहे.